डोक्यावरचा हात

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा आमच्या मोठ्या जाऊबाई पुण्याहून आल्या त्या थेट माझ्याकडेच. दोन महिने लेकीकडे होत्या. वाण देऊन झालं, तिळगूळ झाला, बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "काय हो, डोकेदुखी कशी आहे तुमची?" जाऊबाईंची डोकेदुखी आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गेली वीस-बावीस वर्षं, महिन्यातून दोन-तीनदा तरी, डोक्याला फडकं घट्ट बांधून, खोलीत अंधार करून पडलेलं आम्ही त्यांना पाहिलं आहे.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, लेकीनं तिकडे एका बाईंकडे नेलं होतं. क्रेनिओ का कायसं म्हणतात. गोळी नाही, सुई नाही, तेलसुद्धा नाही. नेसत्या साडीनिशी उताणं झोपवलं. उशाशी बसून त्या बाईंनी दोन्ही हातांच्या ओंजळीत माझं डोकं धरलं आणि बसल्या की नुसत्या! दाबणं नाही, चोळणं नाही. पाऊण तास. मधेच एक हात कमरेखाली ठेवला, माकडहाडाच्या जरा वर. आणि काय सांगू, मला रडायलाच आलं."

बायका हसल्या. "नुसता हात ठेवायचे पैसे घेतात होय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "पण रडायला का आलं?"

जाऊबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "इतका वेळ माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता गं. आई गेल्यापासून तर नाहीच."

हसू तिथेच थांबलं. पण निघताना दारात, चपला घालता घालता, तिघींनी जाऊबाईंना गाठलं. एकीची नात दोन महिन्यांची आहे, रात्र-रात्र रडते. तिला चालेल का हे? दुसरीच्या पुतण्याला फिट्स येतात. यानं त्याच्या गोळ्या सुटतील का? तिसरीनं काहीच विचारलं नाही, नुसता पत्ता मागितला. त्या तीन प्रश्नांनी मला काही सुचू दिलं नाही. म्हणून मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवते.

या उपचाराचं पूर्ण नाव क्रेनिओसेक्रल थेरपी. 'क्रेनियम' म्हणजे डोक्याची कवटी आणि 'सेक्रम' म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेलं त्रिकोणी हाड. जाऊबाईंचं डोकं आणि कंबर का धरली, ते या नावातच आहे. मूळ मात्र आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं. तिथे अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी हाडं आणि स्नायू हातानं हाताळून आजार बरे करण्याची 'ऑस्टिओपॅथी' नावाची पद्धत काढली आणि १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिची शाळा उघडली. या शाळेत विल्यम गार्नर सदरलँड नावाचे एक विद्यार्थी होते. तिथे मांडून ठेवलेल्या कवटीची सुटी हाडं पाहताना कानाजवळच्या हाडाची तिरकस कड त्यांना माशाच्या कल्ल्यासारखी दिसली. कल्ले हलतात, तशी ही हाडंही हलत असली पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढे कित्येक वर्षं त्यांनी स्वतःच्याच डोक्याला पट्टे बांधून, टोप घालून प्रयोग केले. त्यांच्या पत्नीनं १९६२ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात या प्रयोगांची हकिगत आहे. डोक्याला पट्टे बांधून घरात वावरणाऱ्या नवऱ्याला सांभाळणाऱ्या त्या माउलीचं मला तरी कौतुक वाटलं! १९३९ मध्ये सदरलँड यांनी आपलं म्हणणं पुस्तकरूपानं मांडलं.

आज जो उपचार चालतो, त्याला रूप दिलं जॉन अपलेजर यांनी. तेही अमेरिकेतलेच ऑस्टिओपॅथ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मानेच्या एका शस्त्रक्रियेत ते मदतीला होते. मज्जारज्जूवरचं आवरण स्थिर धरून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते काही केल्या स्थिर राहीना. संथ लयीत हलत राहिलं, असं त्यांनी सांगितलं आहे. पुढे मिशिगनच्या विद्यापीठात त्यांनी यावर काम केलं आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. ही विद्या त्यांनी डॉक्टरांपुरती ठेवली नाही. मालिश करणारे, फिजिओथेरपिस्ट, ज्याला शिकायचं त्याला शिकवली. त्यामुळेच ती जगभर पसरली आणि आपल्याकडच्या शहरांपर्यंत आली.

हे उपचार करणारे सांगतात ते असं. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा एक द्रव असतो. त्याची मिनिटाला साधारण सहा ते बारा अशी संथ लय असते. ती अडखळली की दुखणी येतात. मग पाच ग्रॅमइतक्या हलक्या स्पर्शानं ती लय ओळखायची आणि मोकळी करून द्यायची. जुनं रुपयाचं नाणं तळहातावर ठेवून बघा, जवळजवळ तेवढाच भार. किती हलका हात, कल्पना करा!

आता यातलं खरं किती? द्रव खराच आहे. मोठ्या माणसात तो दीडशे मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या कपभर असतो आणि मेंदूला धक्क्यांपासून जपतो. तो हलतो हेही खरं; पण त्याची हालचाल हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासानं होते. हातांना वेगळी लय लागते की नाही, हे पाहण्यासाठी १९९० च्या दशकात परदेशात साधी परीक्षा घेतली गेली. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन तज्ज्ञांनी हात ठेवून लय मोजायची. दोघांचे आकडे जुळले नाहीत! आपण दोघींनी एकीची नाडी मोजली तर आकडा सारखाच येतो ना? इथे तसं झालं नाही. शिवाय मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं करवतीच्या दातांसारखी एकमेकांत घट्ट बसलेली असतात. नाण्याएवढ्या भारानं ती सरकतील, हे पटण्यासारखं नाही.

गुण येतो का, यावरही अभ्यास झाले आहेत. जर्मनीत मानेच्या जुन्या दुखण्याच्या ५४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे हा उपचार दिला, बाकीच्यांना तसाच हलका पण दिखाऊ स्पर्श. उपचार घेतलेल्यांना दुखणं अधिक कमी वाटलं. पण २०२४ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा ठाम म्हणावा असा फायदा दिसला नाही. थोडक्यात, आजार बरा करणारा उपचार म्हणून याला भक्कम पुरावा नाही.

मग जाऊबाईंना रडायला का आलं? त्यांना वाटलेला आराम खोटा होता का? मुळीच नाही. मैत्रिणींनो, माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे.

आपल्या कातडीत काही मज्जातंतू असे आहेत, की त्यांना चिमटा, टोचणी यांच्याशी देणंघेणं नाही. हळुवार कुरवाळण्यालाच ते जागे होतात. सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर इतक्या सावकाश फिरणारा, अंगाच्या उबेचा हात त्यांना सगळ्यात भावतो. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते, नेमका त्याच गतीनं! मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं हळुवार चोळून पाहिलं. दूध तेवढंच, पण दहा दिवसांत या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. त्याआधी १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशीच बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या प्रत्येक बाळासाठी ती सुचवते. स्पर्शाचा हा उपचार मात्र पुराव्यानं सिद्ध झालेला आहे, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

आपल्याला तर हे शिकवायलाच नको. फ्रेडरिक लबॉयेर या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात रस्त्याकडेला एका आईला बाळाचं अंग चोळताना पाहिलं आणि १९७६ मध्ये तिच्याच नावानं, 'शांताला' या नावानं पुस्तक लिहून युरोपला बाळाची मालिश शिकवली. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई घरी येते, पायांवर बाळ घेते, तेल जिरवते, टाळू भरते. पण त्यातही एक जपून करायची गोष्ट आहे. टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळलेली नाहीत ती जागा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. तिथे हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. पण डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, तेल थापटून जिरवणं हे करू नये. बाळ शांत असताना टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं; फुगलेली दिसली, त्यात ताप किंवा उलट्या असल्या, तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांकडेच धावायचं.

रडणाऱ्या नातीच्या आजीला माझं उत्तरही हेच. बाळांचं असं रडणं दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं होईतो बहुतेक बाळांचं आपोआप कमी होतं. त्या काळात जो उपचार केला, त्याला गुणाचं श्रेय मिळून जातं! बाळ दूध पीत असेल, वजन वाढत असेल, ताप नसेल, तर त्याला छातीशी धरा, खांद्यावर घेऊन फिरा. आणि त्याच्या आईला दोन तास सलग झोपू द्या. पण बाळ दूधच घेत नसेल, निपचित पडत असेल, तर कोणत्याही 'थेरपी'त वेळ घालवू नका.

न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईचा विषय निघाला म्हणून मनातलं बोलते. बाळंतिणीचं अंग चोळायचं, पाठ शेकायची, केसांखाली धुरी द्यायची, हे सगळं सव्वा महिना. तो संपला की तिच्या डोक्यावरचा हात जो उठतो, तो उठतोच. मग ती इतरांची डोकी धरत राहते. मुलांच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवते, सासूबाईंचे पाय चेपते, नवऱ्याच्या पाठीला बाम चोळते. तिचं डोकं दुखलं की घरातून विचारणा होते, "गोळी घेतलीस का?" एकटी राहिलेली, विधवा, म्हातारी बाई असेल तर विचारायलाच नको. नमस्काराला वाकलेल्या माणसापुरता काय तो माणसाचा स्पर्श. माझ्या जाऊबाईंनी सासूबाईंचे शेवटची सहा वर्षं सगळं अंथरुणात केलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचं त्या सहा वर्षांत आम्हा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. पाऊण तास कुणीतरी घाई न करता, काहीही न मागता आपलं डोकं हातात धरलं, म्हणून त्या रडल्या. त्या पैशांत त्यांनी लय विकत घेतली नाही. स्वतःसाठी पाऊण तास घेतला.

तेवढं समजून कुणी या उपचाराला गेली, तर मी अडवणार नाही. पण आराम पडणं आणि आजार बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक मानल्या तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या बचत गटात एक बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचं एका बाजूचं कपाळ आणि भुवई संध्याकाळनंतर दुखायची. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसायची. त्यांना वाटलं, दिवसभराच्या दगदगीनं होत असेल. गावात डोक्याला हात लावून दुखणी घालवणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे त्या जाऊ लागल्या. हात लावला की डोळे मिटून पडायचं, झोप लागायची, उठलं की डोकं उतरलेलं! मग कुणाचा विश्वास बसणार नाही? असं सात-आठ महिने चाललं. एका रात्री मात्र डोळा लाल झाला, उलट्या सुरू झाल्या, काही दिसेना. जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातला दाब मधूनमधून चढत होता. झोपेत बाहुली बारीक होते, त्यानं तो तात्पुरता उतरायचा. श्रेय मिळायचं हाताला. वेळेवर आल्या असत्या तर लेझरनं साधा उपाय होता. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. मी त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं वाटत होतं हो मला..."

तेव्हापासून बरं वाटण्याची मला थोडी भीती वाटते.

म्हणून ही लक्षणं ध्यानात ठेवा. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी. डोकेदुखीबरोबर ताप आणि मान आखडणं. अंधूक दिसणं, दिव्याभोवती वलयं, डोळा लाल होणं. हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. पडल्यावर, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली डोकेदुखी. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं, अंगावर सूज. यातलं काहीही असेल तर हात ठेवणाऱ्याकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं, आणि त्याच दिवशी. डोक्याला नुकता मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा मेंदूवरचा दाब वाढलेला असेल, अशांनी क्रेनिओसेक्रल उपचार घेऊ नये, असं या उपचाराचे शिक्षकही सांगतात.

फिट्स येणाऱ्या पुतण्याच्या काकूंना मी स्पष्ट सांगितलं, गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर एकामागून एक फिट्स येऊन जिवावर बेतू शकतं. फिट्स, स्वमग्नता, लकवा सगळं बरं करतो असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर ते ऐकूनच परत फिरावं.

आणि जिला नुसता पत्ता हवा होता तिच्यासाठी. आपल्याकडे सरकारच्या आयुष मंत्रालयात आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. क्रेनिओसेक्रल त्यात नाही. परदेशी संस्थेचा याचा पहिल्या पातळीचा वर्ग अवघा चार दिवसांचा असतो. तेव्हा जिच्याकडे जायचं तिचं मूळ शिक्षण काय, हे बिनधास्त विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल तर निदान शरीर शिकलेली असते. अंगावरचे कपडे काढावे लागत नाहीत. कुणी काढायला सांगितले तर तडक उठा. सोबत कुणीतरी न्या. एकदम दहा-पंधरा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. आणि आपल्या डॉक्टरांना सांगून जा. लपवून काही करायचं नाही.

जाऊबाईंना मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन गेले. वीस-बावीस वर्षांत त्यांनी दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. डोकेदुखीसाठी म्हणून नीट तपासणी ही पहिलीच. रक्तदाब पाहिला, डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर बदलला. डॉक्टर म्हणाले, ही अर्धशिशी आहे. ती ताब्यात ठेवायला औषधं आहेत, आणि सारख्या वेदनाशामक गोळ्या खाण्यानंही डोकं दुखायला लागतं. एक वही करायला सांगितली आहे, कधी दुखलं, काय खाल्लं होतं, झोप किती झाली होती याची. वही मी पाहते. उपास आणि जागरण यांच्या दुसऱ्या दिवशी हमखास नोंद असते!

आणि एक गोष्ट आम्ही सुरू केली आहे. शनिवारी दुपारी, घरातली माणसं बाहेर असताना, त्या माझ्याकडे येतात. मी खोबरेल कोमट करते. त्या खाली पाटावर बसतात, मी मागे खुर्चीवर. पहिल्या शनिवारी त्या संकोचून म्हणाल्या, "अगं, मी मोठी, तू कशाला?" मी म्हटलं, "ताई, बसा हो गुपचूप." केस किती पातळ झालेत, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी मला खाली बसवलं. आता शेजारच्या काकूही येतात. त्या एकट्याच असतात, आणि त्यांच्या डोक्याला तेल लावताना बोलत कुणीच नाही.

याला मी थेरपी म्हणत नाही. यानं अर्धशिशी जात नाही, काचबिंदू तर नाहीच नाही. त्यासाठी दवाखाना आहे, आणि तिथे वेळेवर जायचं आहे. पण वाटीभर कोमट तेल आणि शनिवारची अर्धी दुपार आपल्या हातात आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल जिनं सगळ्यांची डोकी धरली. आई असेल, सासू असेल, नणंद असेल. तिला आज बसवा पाटावर. आणि तुमची पाळी आली की "राहू दे, कशाला" म्हणू नका. निमूट बसा.